सालामांकात एक सत्र: घर, जेवणाच्या वेळा आणि भाषा

तुमचा प्रश्न सावकाश दोनदा वाचला. पुण्यात अर्थशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहात, स्पॅनिशची बी-वन (मध्यम) पातळी पूर्ण झाली आहे, आणि फेब्रुवारी ते जून या काळात स्पेनमधल्या सालामांका विद्यापीठात एक सत्र शिकण्याची संधी तुम्हाला मिळाली आहे. बरोबर येणाऱ्या तीन भारतीय मैत्रिणींसह एकत्र घर घ्यावे का, नाही म्हटले तर त्या दुखावतील का, शनिवार-रविवारी युरोप किती फिरावा, शाकाहारी असल्यामुळे हाल होतील का, आणि स्पॅनिश संस्कृती अनुभवायची म्हणजे नेमके काय करायचे, असे तुम्ही विचारले आहे. मी गेली २२ वर्षे स्पॅनिश शिकवते. विद्यार्थिनी असताना मी स्वतः सालामांकातच एक सत्र काढले, आणि पुढे तिकडे जाणाऱ्या मुलामुलींची तयारी करून घेणे व ती परतल्यावर त्यांच्याशी बसून बोलणे हा माझ्या कामाचाच भाग झाला. उत्तर त्या अनुभवातून देते.

तुमचे प्रश्न वेगवेगळे दिसत असले तरी माझ्या मते त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: संध्याकाळी सातपासून रात्री अकरापर्यंतचा वेळ तुम्ही कोणाबरोबर आणि कोणत्या भाषेत घालवणार? दिवसाचे तास विद्यापीठ ठरवून देते, आणि वर्ग, ग्रंथालय, टिपणे, परीक्षा या गोष्टी कोणत्याही देशात थोड्याफार फरकाने सारख्याच असतात. स्पेनमध्ये माणसे एकमेकांत कशी मिसळतात, कशावरून भांडतात, वडीलधाऱ्यांशी कशी वागतात, हे मात्र संध्याकाळी चौकात, बारमध्ये आणि घरातल्या जेवणाच्या टेबलाशी दिसते. पाच महिन्यांत अकरा देश पाहून आलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याला परतल्यावर बिघडलेल्या गीझरची तक्रार स्पॅनिशमध्ये करता येत नव्हती. तो हुशार होता आणि मेहनतीही होता. त्याच्या संध्याकाळी फक्त वेगळ्या भाषेत गेल्या होत्या.

पुढे जे सांगणार आहे ते तुमच्या परिस्थितीनुसार बदलेल, हे आधीच स्पष्ट करते. बी-वन ही पातळी कागदावर एक असली तरी प्रत्यक्षात तिचे अनेक प्रकार असतात. कोणी परीक्षेत उत्तम गुण मिळवूनही दुकानात बोलताना अडखळतो, तर कोणी चुका करत का होईना, तासभर बोलू शकतो. तुम्ही पहिल्या प्रकारात असाल तर निदान पहिला महिना स्पॅनिश कुटुंबाकडे राहणे हिताचे. पैशाची ओढाताण असेल तर विद्यार्थ्यांबरोबर भागीत घेतलेले घर बरे पडते. स्वभावाने हळव्या असाल, घराबाहेर राहण्याची ही पहिलीच वेळ असेल, तर ओळखीचे एखादे माणूस हाकेच्या अंतरावर असणे ही गरज आहे आणि ती मानण्यात काही कमीपणा नाही.

आता घराविषयी. चौघींनी एकत्र राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. याचे कारण मी माझ्याच अनुभवातून सांगू शकते. मी गेले तेव्हा पहिले पाच आठवडे दोन भारतीय मुलींबरोबर राहिले. घर स्वच्छ होते, स्वयंपाक आपल्या चवीचा होता, आम्ही एकमेकींची काळजी घेत होतो. आणि त्या पाच आठवड्यांत माझे स्पॅनिश वर्गाच्या दारापाशी संपत होते. घरी आल्यावर आम्ही दिवसभरात काय विचित्र घडले ते एकमेकींना सांगायचो आणि त्याचा अर्थही आम्हीच लावायचो. तो अर्थ बहुतेक वेळा चुकीचा असे, कारण तो दुरुस्त करणारे स्पॅनिश माणूस त्या घरात नव्हते. सहाव्या आठवड्यात मी एका वृद्ध विधवा बाईंकडे खोली घेतली. त्या पाव कापता कापता बोलायच्या, टीव्हीवरच्या बातम्यांना उत्तरे द्यायच्या, आणि माझे क्रियापद चुकले की न थांबता बरोबर रूप उच्चारून पुढे जायच्या. मला जे स्पॅनिश आज येते, त्याचा पाया त्या स्वयंपाकघरात पडला.

सर्वसाधारणपणे तीन पर्याय असतात. कुटुंबात राहिल्यास भाषा आणि घरगुती रीत दोन्ही मिळतात, मात्र जेवणाच्या वेळा पाळाव्या लागतात आणि मित्रमंडळींना घरी आणण्यावर मर्यादा येते. विद्यार्थी वसतिगृह सुरक्षित आणि सोयीचे असते; पालकांची काळजी त्याने कमी होते. भागीतले घर, ज्याला तिकडे 'पिसो कोम्पार्तिदो' म्हणतात, हा तुमच्या वयाच्या मुलामुलींच्या रोजच्या जगण्यात शिरण्याचा सर्वांत सरळ मार्ग आहे, पण घरातली बाकीची मंडळी स्पॅनिश आहेत ना, हे आधी विचारा. केवळ परदेशी विद्यार्थ्यांच्या घरात जर्मन, इटालियन, पोलिश सगळे भेटतील आणि घराची भाषा इंग्रजी होईल. पहिले दहा-बारा दिवस तात्पुरती सोय करा, खोली डोळ्यांनी पाहा आणि मगच अनामत रक्कम द्या. न पाहिलेल्या घरासाठी इथून पैसे पाठवू नका. आणखी एक गोष्ट विचारायला विसरू नका: घर तापवण्याचा खर्च भाड्यात धरला आहे का? सालामांका समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर आहे आणि फेब्रुवारीत रात्री पारा शून्याखाली जातो. 'स्पेन म्हणजे ऊन' या समजुतीने पातळ कपडे घेऊन गेलेली मुले पहिल्याच आठवड्यात आजारी पडलेली मी पाहिली आहेत.

घराखालोखाल महत्त्वाचे आहे ते तिथले घड्याळ. दुपारचे जेवण दोन ते साडेतीनच्या दरम्यान, रात्रीचे नऊ ते दहाच्या दरम्यान, आणि मधल्या काळात बरीच लहान दुकाने बंद. हा आळस असल्याची आणि सगळा देश दुपारी झोपत असल्याची समजूत आपल्याकडे फार पसरली आहे. प्रत्यक्षात नोकरदार माणसांपैकी अनेकांना दुपारी झोपायला वेळच नसतो. या उशिराच्या वेळांमागे एक कारण भूगोलाचे आहे. स्पेनचा बहुतेक भाग लंडनच्याही पश्चिमेला आहे, परंतु १९४० साली हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत घड्याळे मध्य युरोपच्या वेळेवर नेली गेली आणि ती पुन्हा मागे आली नाहीत. त्यामुळे घड्याळ सूर्याच्या बरेच पुढे असते. जूनमध्ये सालामांकात सूर्य पावणेदहाच्या पुढे मावळतो, आणि साडेनऊला जेवायला बसणारे कुटुंब खरे तर उजेडातच जेवत असते. तुम्ही साडेसातला जेवून खोलीत गेलात, तर शहर नुकते बाहेर पडू लागलेले असते आणि तुमचा दिवस संपलेला असतो. म्हणून पहिल्या आठवड्यातच शरीर त्या वेळेवर आणा. सकाळी अकराच्या सुमारास तिकडची मंडळी कॉफीबरोबर काहीतरी खातात आणि संध्याकाळी सहाला पुन्हा थोडे. या दोन टेकूंमुळे उशिराचे जेवण जड जात नाही.

जेवणानंतर टेबलाशीच बसून गप्पा मारण्याला स्पॅनिशमध्ये 'सोब्रेमेसा' असा स्वतंत्र शब्द आहे. आपल्याकडे हात वाळेपर्यंत गप्पा रंगतात, तोच हा प्रकार. मी मात्र सुरुवातीला जेवण झाले की ताट उचलून धुवायला उठायची, कारण परक्या घरी मदत केली पाहिजे असा माझा संस्कार होता. काही दिवसांनी त्या बाईंनी मला हाताला धरून बसवले आणि विचारले, की माझे बोलणे तुला आवडत नाही का? ताट तासाभरानेही धुता येते. रविवारच्या दुपारी असे कोणी बसवून घेतले, तर त्या दिवशीचा अभ्यास बाजूला ठेवा.

भाषेच्या बाबतीत तुमच्या हाती एक मोठी शिदोरी आहे आणि बहुतेक मराठी मुले ती वापरत नाहीत. आपण स्पॅनिश इंग्रजीतून शिकतो, म्हणून मनात वाक्य इंग्रजीत जुळवतो आणि मग अडकतो. 'मे गुस्ता एल काफे' हे वाक्य इंग्रजीच्या वाटेने आलेल्या मुलाला उलटे वाटते. मराठीच्या वाटेने आलात तर ते 'मला कॉफी आवडते' इतके सरळ आहे. पुस्तके अनेक असली की आपण 'आवडतात' म्हणतो, तेही 'गुस्तान' म्हणतात. हातातून पेला पडला तर स्पॅनिश माणूस 'मी पाडला' असे म्हणत नाही. 'से मे कायो' म्हणतो, म्हणजे अगदी आपले 'माझ्या हातून पडला'. क्रिया घडली, पण तिची इच्छा माझी नव्हती, हा फरक दोन्ही भाषा व्याकरणातूनच दाखवतात. वस्तूंना लिंग असते, विशेषण त्याप्रमाणे बदलते, तू आणि आपण यांत अंतर असते, या गोष्टी आपल्याला नव्याने शिकायच्याच नाहीत. उच्चारातही स्पॅनिशचे त आणि द इंग्रजीपेक्षा आपल्या दंत्य वर्णांच्या जवळचे आहेत. सालामांकाच्या बाजूला 'ग्रासियास' (धन्यवाद) मधला पहिला स जीभ दातांत धरून काढतात. तो आपल्या थ सारखा ऐकू येतो, पण थ नव्हे. तो कानाने उचला.

शब्दांचेही एक जुने नाते आहे. पोर्तुगीजांमुळे मराठीत आलेले पगार, बटाटा, साबण, पाव हे शब्द स्पॅनिशच्या सख्ख्या बहिणीकडून आले आहेत, त्यामुळे 'पागार', 'पाताता', 'हाबोन', 'पान' ऐकताना तुम्हाला ओळखीचे वाटेल. संस्कृतातला नारंग फारसी-अरबीतून प्रवास करत तिकडे 'नारांहा' झाला आणि शर्करेपासून अरबीमार्गे 'आसुकार' झाली. मी विद्यार्थ्यांना हे आवर्जून सांगते, कारण परक्या गावात असे चार ओळखीचे शब्द कानावर पडले की धीर येतो.

आता शाकाहाराबद्दल, कारण याची भीती तुमच्या पत्रात सर्वांत जास्त दिसते. उपाशी राहणार नाही, परंतु बोलण्यात नेमकेपणा लागेल. 'कार्ने' या शब्दाचा अर्थ आपण मांस असा शिकतो. रोजच्या बोलण्यात तो बहुधा ताज्या मांसाच्या तुकड्यांपुरता असतो. वाळवलेली डुकराची मांडी, म्हणजे हामोन, आणि डब्यातला ट्यूना मासा यांची गणना अनेकांच्या मनात त्यात होतच नाही. म्हणून 'बिनमांसाचे' मागितलेल्या सॅलडवर ट्यूना येतो, आणि त्यात फसवण्याचा हेतू अजिबात नसतो. माझ्या घरमालकीणबाईंनी पहिल्या दिवशी मसुरीच्या आमटीतले चोरिसो सॉसेजचे तुकडे स्वतः वेचून काढले आणि ताट माझ्यापुढे ठेवून प्रेमाने म्हणाल्या, की आता यात काहीच नाही. तेव्हा एकच शब्द बोलून थांबू नका. मांस नाही, मासे नाहीत, हामोन नाही, ट्यूना नाही, आणि हे कशात शिजवले आहे, असे सगळे सांगा आणि विचारा. डुकराच्या चरबीत केलेल्या मिठाया असतात, तेही विचारावे लागते.

डुकराचे मांस इतके सर्वत्र का, याला इतिहास आहे. इन्क्विझिशनच्या, म्हणजे लोकांची धर्मनिष्ठा तपासणाऱ्या चर्चच्या न्यायसभेच्या, काळात ज्यू आणि मुसलमान घराण्यांतून ख्रिस्ती झालेल्यांवर संशय असे, आणि डुकराचे मांस खाणे ही उघडपणे दिसणारी ख्रिस्तीपणाची खूण होती. सालामांका प्रांतातलेच गिहुएलो हे गाव हामोनसाठी प्रसिद्ध आहे. त्यामुळे ते नाकारताना नाक मुरडू नका. 'आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या खात नाहीत' एवढे सांगितले तर समोरचा माणूस उत्सुकतेने दहा प्रश्न विचारतो, आणि त्यातून होणारे बोलणे फार चांगले असते. अंडी चालत असतील तर निम्म्या अडचणी संपतात, कारण बटाट्याचे जाड ऑम्लेट, म्हणजे 'तोर्तिया दे पातातास', प्रत्येक बारमध्ये असते. त्यात कांदा असावा की नसावा यावर तिथे मनापासून वाद होतो आणि त्यात तुम्हालाही बाजू घ्यावी लागेल. अंडी चालत नसतील तर वांगी, मिरच्या, टोमॅटो परतून केलेला 'पिस्तो' मागा, पण वर अंडे नको असे सांगून. दक्षिणेत गेलात तर पालक घातलेले हरभरे मिळतात. शेजारच्या कासेरेस प्रांतातल्या ला वेरा भागात धुरावर वाळवलेल्या लाल मिरचीची पूड मिळते. ही मिरची अमेरिकेतून स्पेनमध्ये आली, आणि आपल्याकडे ती पोर्तुगीजांबरोबर पोहोचली. दुपारी अनेक उपाहारगृहांत 'मेनू देल दिया' असतो, ज्यात पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, पेय आणि गोड असे एकाच ठरलेल्या दरात येते. शाकाहारी माणसाने दोन्ही पदार्थ पहिल्या यादीतून मागावेत. बहुतेक ठिकाणी देतात.

माणसांमध्ये मिसळताना काही गैरसमज हमखास होतात. स्पॅनिश गटात सगळे एकाच वेळी बोलतात आणि दुसऱ्याचे वाक्य संपण्याआधी आपले सुरू करतात. आपल्याला शिकवल्याप्रमाणे पाळी येण्याची वाट पाहत गप्प बसलात, तर तुम्हाला रस नाही असा अर्थ निघतो. बारमध्ये 'मला एक कॉफी दे' असे सरळ म्हटलेले चालते. आपणही बोलताना 'कृपया' क्वचितच म्हणतो, तेव्हा हे तुम्हाला सोपे जाईल. प्राध्यापकांना नावाने आणि 'तू' म्हणून हाक मारणारे वर्गमित्र पाहून सुरुवातीला अवघडल्यासारखे होईल. तुम्ही 'उस्तेद', म्हणजे आदरार्थी 'आपण', वापरलेत तरी चुकत नाही, प्राध्यापक स्वतःच सांगतील. 'एकदा भेटू' हे निरोप घेण्याचे वाक्य आहे. ठिकाण आणि वेळ ठरली तरच ते आमंत्रण असते. सालामांकात ते ठिकाण बहुधा प्लासा मायोरमधल्या घड्याळाखाली असते; १७५५ साली पूर्ण झालेल्या त्या चौकात आजही सारे गाव एकमेकांची वाट पाहत उभे असते. आणि महिना उलटूनही कोणी घरी जेवायला बोलावले नाही, तर मन खट्टू करून घेऊ नका. आपल्याकडे मैत्री घरी चहाला बोलावून सुरू होते, तिकडे ती बाहेर सुरू होते आणि घर फार पुढे येते. खर्चासाठी अनेकदा 'बोते' काढतात, म्हणजे सगळ्यांनी सारखी रक्कम एका हाती देऊन त्यातून भागवायचे. तुम्ही दारू घेत नसाल तरी त्या गटातून बाहेर पडण्याचे कारण नाही. फळांचा रस किंवा कॉफी घेऊन बसलेल्या माणसाला कोणी आग्रह करत नाही. 'तू हिंदू आहेस का' असे विचारतील. स्पॅनिशमध्ये 'इंदू' हा शब्द भारतीय माणसासाठी सर्रास वापरतात, कारण 'इंदिओ' म्हटले की अमेरिकेतले मूळ रहिवासी डोळ्यांपुढे येतात. प्रश्न धर्माचा नसतो. माझ्या एका मुसलमान विद्यार्थिनीला हे आधी ठाऊक असते तर तिची एक संध्याकाळ कष्टी गेली नसती.

फिरण्याबद्दल माझे मत थोडे कडक आहे. पाच महिन्यांत तीन मोठे प्रवास पुरेत, आणि उरलेले शनिवार-रविवार सालामांकात काढावेत, कारण स्थानिक मित्र सुट्टीलाच मोकळे असतात. दर शुक्रवारी विमानतळ गाठणाऱ्या मुलीला आमंत्रण देणे लोक हळूहळू सोडून देतात. एक प्रवास दक्षिणेतल्या आंदालुसियाचा करा: कोर्दोबाची मशीद आणि ग्रानादाचे आल्हाम्ब्रा (अरबी राजवटीतला किल्ला आणि महाल) पाहिल्याशिवाय स्पेनचा अरबी काळ समजत नाही. आल्हाम्ब्राचे तिकीट नावावर असते आणि आतल्या नासरी महालांची वेळ ठरलेली असते, म्हणून ते बरेच आधी काढा. दुसरा उत्तरेचा करा, गालिसिया किंवा बास्क प्रदेश, म्हणजे स्पेनमध्ये स्पॅनिशखेरीज इतर भाषा किती जिवंत आहेत ते कळेल. तिसरा पोर्तुगालचा, कारण सरहद्द जवळ आहे आणि तिथे 'पगार' हा शब्द पुन्हा ऐकू येईल. फ्लामेंकोचे गाणे-नाच मात्र सालामांकात शोधू नका. ती आंदालुसियाची कला आहे. सालामांकाची स्वतःची परंपरा एका हाताने बासरी आणि दुसऱ्या हाताने ढोलके वाजवणाऱ्यांची आहे, आणि ती तुम्हाला आसपासच्या गावांच्या जत्रांत भेटेल. डोंगरातल्या ला आल्बेर्का गावाला एखाद्या रविवारी जाऊन या. बैलझुंजीला जावे का, असे अनेक मुले विचारतात. स्पॅनिश समाज स्वतःच त्यावर दुभंगलेला आहे. आधी घरातल्या दोन पिढ्यांना त्यावर बोलते करा, मग ठरवा.

वसंताचे सत्र मिळाले याचा मला तुमच्यासाठी आनंद वाटतो. सप्टेंबरच्या सत्राला एक फायदा असतो, की तेव्हा सगळेच नवे असतात आणि गट जमलेले नसतात. फेब्रुवारीत तुम्हाला जमलेल्या गटात शिरावे लागेल. त्यासाठी विद्यापीठाचा गायनवृंद, गिर्यारोहण किंवा एखादा खेळ पहिल्याच पंधरवड्यात धरा. बदल्यात तुम्हाला 'सेमाना सांता' मिळेल. ईस्टरच्या आधीच्या त्या आठवड्यात उंच टोकदार टोप्यांनी चेहरा झाकलेले लोक मिरवणुकीत चालतात. तो पश्चात्तापाचा वेश आहे, आणि चेहरा झाकणे हे नाव गुप्त ठेवण्यासाठी आहे. सालामांकाच्या बाजूच्या कास्तिया प्रदेशात या मिरवणुका गंभीर असतात. ढोलाचा ठोका आणि पावलांचा आवाज सोडला तर हजारो माणसे निःशब्द उभी असतात. पालखी खांद्यावर घेणे म्हणजे काय हे ज्याने पाहिले आहे, त्याला त्या जड मूर्तीखाली चालणाऱ्या माणसांचे चेहरे समजावून सांगावे लागत नाहीत. तेव्हा फोन खिशात ठेवा. ईस्टरनंतर साधारण आठवड्याने येणाऱ्या सोमवारी 'लुनेस दे आग्वास' असतो. सारे शहर तोर्मेस नदीच्या काठी सतरंज्या टाकून 'ओर्नासो' नावाची भरलेली रोटी खाते. त्या रोटीत मांस असते, म्हणून तुमचा डबा बरोबर न्या, पण काठावर जाच.

अभ्यासाचे आणि कागदांचे थोडक्यात सांगते. एका सत्राचे पूर्ण ओझे ३० युरोपीय क्रेडिट्सचे असते आणि एक क्रेडिट म्हणजे स्वतःच्या अभ्यासासह २५ ते ३० तासांचे काम, असा हिशेब आहे. कोणते विषय तुमच्या महाविद्यालयात धरले जातील ते निघण्यापूर्वी लेखी घ्या. गुण दहापैकी असतात, पाचला उत्तीर्ण; सातला 'नोताब्ले' आणि नऊला 'सोब्रेसालिएन्ते' म्हणतात, त्यामुळे सात मिळाले म्हणून रडू नका. व्हिसा मुंबईतल्या स्पेनच्या वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत आहे. मुक्काम ९० दिवसांहून जास्त पण १८० दिवसांच्या आत असेल तर विद्यार्थी व्हिसावरच राहता येते. त्याहून लांबला तर पोहोचल्यापासून एका महिन्यात परदेशी नागरिकाच्या ओळखपत्रासाठी अर्ज करावा लागतो. खर्चाची ऐपत दाखवताना सरकारी निर्देशांक धरतात, जो २०२३ पासून महिना ६०० युरो आहे. नियम मधूनमधून बदलतात, म्हणून अर्जाच्या आठवड्यात दूतावासाची सूचना पुन्हा वाचा. संकटात ११२ हा क्रमांक लक्षात ठेवा.

घरच्यांच्या फोनची वेळही आधीच ठरवून घ्या. हिवाळ्यात आपले घड्याळ तिकडच्यापेक्षा साडेचार तास पुढे असते आणि मार्चअखेरीपासून साडेतीन तास. तिकडे दुपारी चारला, जेवण झाल्यावर फोन केलात तर पुण्यात रात्रीचे साडेसात-साडेआठ वाजलेले असतात. आई-वडील निवांत असतात आणि तुमची संध्याकाळ मोकळी राहते. पाचव्या-सहाव्या आठवड्यात घराची आठवण सर्वांत जास्त छळते, असा माझ्या विद्यार्थ्यांचा अनुभव आहे. त्या दिवसांत फोन वाढतात आणि बाहेर जाणे कमी होते. तेव्हाही चारची वेळ चारचीच ठेवा, आणि सातला खोलीचे दार ओढून घेऊन घड्याळाखाली जा.

राहिले मैत्रिणींचे. त्यांना आजच सांगा, घर शोधायला लागल्यावर सांगू नका, आणि सांगताना त्याबरोबर एक गोष्ट देऊ करा. दर रविवारी दुपारी चौघींपैकी एकीच्या घरी जेवण, पाळीपाळीने, आणि प्रत्येकीने आपल्या घरातले एक स्पॅनिश माणूस बरोबर आणायचे. माझ्या तीन विद्यार्थिनींनी हे पाच महिने चालवले. डाळ-तांदूळ तिथे मिळतात. हिंग, गोडा मसाला आणि छोटा कुकर इथून न्या. शिट्टी झाली की स्पॅनिश मुले दचकतात, हे त्यांना आधी सांगून ठेवा.